‘वर्कअराउंड’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की सी प्रोग्रॅमिंगवर मराठीत टिपणं लिहिताना, कंपायलरमधला (म्हणजे आपला कोड प्रोसेसरला कळेल असा बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधला) माहीत असलेला बग, म्हणजे चूक, टाळायला आपण कोडमध्ये जे काही करतो त्याला ‘पळवाट’ म्हटलं तर चालेल का. माझ्या मते नाही चालणार. पळवाट म्हटलं की कुणीतरी नियम चुकवतंय असं वाटतं, आणि इथं तर चूक आपली नसतेच. ‘उपाय’ म्हटलं तर दुखणं बरं झालं असा अर्थ होतो, पण बग कंपायलरमध्ये होता तिथंच असतोय. ‘बगल देणे’ अर्थाला जवळचं आहे पण ‘बगला बगल दिली’ हे वाचतानाच अडखळायला होतं.

मी सरळ ‘वळसा’ म्हणेन. पावसाळ्यात कोल्हापूरजवळचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की वडणग्यातनं बावड्याला यायला वळसा मारून यावं लागतंय, आणि पाणी उतरलं की परत बंधाऱ्यावरनं सरळ. वळसा कधीतरी संपायचा असतो, हे त्या शब्दातच आहे बघा.

आता लिनक्स कर्नलमधलंच (लिनक्सच्या गाभ्याच्या कोडमधलंच) घ्या. २०१३ मध्ये सापडलं की ‘एएसएम गोटू’ (सी कोडमध्येच प्रोसेसरच्या भाषेतल्या ओळी लिहून तिथनं दुसरीकडं उडी मारायची सोय) वापरलं की जीसीसी हा कंपायलर काही ठिकाणी चुकीचा कोड तयार करतोय, बग नंबर ५८६७०. त्यावर जीसीसीचे डेव्हलपर याकुब येलिनेक यांनी सुचवलेला वळसा म्हणजे त्या ओळीच्या मागोमाग एक रिकामं ‘एएसएम’ टाकायचं, त्यातनं प्रोसेसरसाठी एकही इन्स्ट्रक्शन तयार होत नाही, पण कंपायलरला तिथं आडकाठी बसते. हे एका मॅक्रोत (नाव देऊन ठेवलेल्या कोडच्या तुकड्यात) बसवलं आणि वर कॉमेंटमध्ये बगचा पत्ता दिला. जीसीसी ४.८.२ मध्ये बग दुरुस्त झाला असं म्हटलं गेलं, तरी त्या व्हर्जनवरही चुकीचा कोड तयार झाल्याचं दिसलं, म्हणून ती ओळ सगळ्याच व्हर्जनसाठी ठेवली आणि पुढं कित्येक वर्षं राहिली. एवढं विचारपूर्वक केलेल्या कामाला ‘जुगाड’ म्हणणं मला अजिबात पटत नाही.

कॉमेंट लिहायची तर अशी लिहा: ‘वळसा: जीसीसी बग ५८६७०, ४.८.२ च्या आधीच्या व्हर्जनसाठी’. नंबर आणि व्हर्जन नसेल तर पुढच्या माणसाला तो काढायचा कधी हे कळणारच नाही.

आणि साइन्ड इंटिजर ओव्हरफ्लो होऊन (धन-ऋण पूर्णांक त्याच्या मर्यादेबाहेर जाऊन) ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करायची कंपायलरची सोय, लावल्यावर प्रोग्रॅम चुकत असेल तर तिथं हा शब्द वापरू नका, कारण तिथं सी च्या नियमाप्रमाणं कंपायलर बरोबर असतो, आपण आपल्या कोडमध्ये जो बदल करतो त्याला ‘दुरुस्ती’च म्हणायचं.