गाय ढेप खात नाही, रवंथ कमी : घरी पोट कसं तपासावं?

हिंगण्याची संकरित गाय, विऊन दोन आठवडे. तीन दिवसांपासून ढेपेला (पेंडीला) तोंड लावत नाही, कुटार (कोरडा भुसा) थोडं चघळते, दूध निम्म्यावर. नागपूरला दवाखान्यात न्यायच्या आधी घरी काय बघावं, असं तुम्ही विचारलंय. या लक्षणांवरून मला पहिला संशय चौथं पोट (गाईच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी शेवटचा) डावीकडे सरकल्याचा येतो, पण आधी बाकीचं पडताळा.

डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामधल्या खळग्यात, मूठ दाबून ठेवा आणि घड्याळ बघा. पूर्ण दोन मिनिटं. कोठीपोट, म्हणजे पहिलं मोठं पोट, तेवढ्यात साधारण तीनदा मुठीला बाहेर ढकलतं. लोक अर्ध्या मिनिटात हात काढतात आणि ‘पोट बंद आहे’ म्हणतात, चूक होते ती इथेच. मूठ काढल्यावर भिजवलेल्या कणकेसारखा खळगा राहिला, तर कोरडं कुटार आणि कमी पाणी यामुळे पोट गच्च झालंय. ढोलासारखं ताणलेलं लागलं तर वायू. त्यात धाप लागली असेल तर एक मिनिटही थांबू नका. आत पाणी हिंदकळतंय आणि शेण पातळ, आंबट वासाचं असेल, तर धान्य किंवा शिळा भात जास्त खाल्लाय. पोळ्याला पुरणपोळी चारल्यावर बैलांना हेच होतं.

आता स्टेथोस्कोप डावीकडच्या शेवटच्या पाच बरगड्यांवर, कमरेच्या हाडापासून कोपरापर्यंतच्या रेषेत ठेवा आणि शेजारीच बोटाने जोरात टिचकी मारा. रिकाम्या स्टीलच्या गुंडावर मारल्यासारखं ‘टण्ण’ वाजलं तर संशय पक्का होत जातो. असाच आवाज उजवीकडे येत असेल आणि गाय झपाट्याने खचत असेल, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो. तिथे दिवस नाही, तास मोजायचे.

खांद्यामागची पाठीची कातडी दोन्ही हातांनी चिमटीत घट्ट धरा. निरोगी गाय पाठ खाली दबवते. पाठ न दबवता कण्हली, कोपरं बाहेर काढून उभी राहत असेल, तर जाळीपोटात (दुसऱ्या पोटात) तार किंवा खिळा असू शकतो. मग तिला गाडीत घालू नका, हादऱ्यांनी तार पुढे सरकते, डॉक्टरांनाच बोलवा.

ताप सकाळी सावलीत मोजा, 101 ते 102.5 फॅरनहाइट ठीक. दुपारच्या उन्हात आकडा फसवा येतो. शेण डांबरासारखं काळं दिसलं तर चौथ्या पोटात रक्तस्राव असू शकतो.

बाटलीने तेल-काढा पाजू नका, ठसका लागून फुफ्फुसात जातो. 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा आणि दोन मिनिटांतली हालचाल, ताप, ‘टण्ण’ कुठे वाजलं, एवढं आधी सांगा.