पाणी विकू नकोस, बाय

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजीने, दुसऱ्यांदा चिडून. एक टन आकेशियाचं लाकूड घेतलंस, फोडून उन्हाळ्याचे चार महिने ठेवलंस, परत वजन केलंस तर सव्वासहाशे किलो भरलं, आणि तू विचारतेस की चोरी झाली की तराजू बिघडला. चोरी झाली नाही, तराजूही ठीक आहे. गेलं ते पाणी. तू लाकडाच्या भावाने पाणी घेतलंस आणि आता शेजारच्या वखारवाल्यासारखं तेच पाणी पदेराच्या, आपल्या पाववाल्याच्या, गळ्यात मारावं का, असं मला विचारतेस. नाही मारायचं.

आधी हिशेब. नुकतं तोडलेलं लाकूड निम्मं पाणी असतं असं धर. हजार किलोत पाचशे किलो कोरडा ऐवज, तो कुठे जात नाही. ओल २० टक्क्यांवर आली की त्याच लाकडाचं वजन होतं ६२५ किलो. म्हणजे तुझा तराजू अगदी बरोबर आहे. आता उष्णता बघ. ५० टक्के ओलीचं लाकूड किलोमागे जेमतेम २००० किलोकॅलरी देतं, २० टक्क्यांचं ३५००. कारण चुलीत गेलेल्या प्रत्येक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी आधी खर्च होतात. समज, ओलं ५ रुपये किलोने जातं. हजार किलोचे ५००० झाले. तेच वाळवून ६२५ किलो ८ रुपयांनी दिलंस तरी ५०००च. पण गिऱ्हाइकाला त्याच पैशांत दहा टक्के उष्णता जास्त मिळते, धूर कमी होतो, आणि तुझ्या टेम्पोला पावणेचारशे किलो ओझं कमी. ८ च्या वर जे मिळेल ती तुझ्या शेडची, फोडणावळीची आणि थांबण्याची मजुरी. ती मागायला लाजू नकोस.

"पण पदेर किलोचा भाव विचारतो" असं तू लिहिलंयस. विचारणारच. त्याला किलोचा भाव सांगायची सवय आपणच लावली. बिलावर दोन आकडे लिही, वजन आणि ओल. २० टक्के हे आपलं ठरलेलं माप. त्याहून ओला माल गेला तर वजन कापायचं. ५०० किलो गेलं आणि ओल ३० निघाली, तर ५०० गुणिले ०.७ भागिले ०.८. बिल ४३७ किलोचं. पहिल्या महिन्यात तो हसेल. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्याच्या मालाचीही ओल विचारेल.

ओल मोजायचा मीटर घेतलास ते बरं केलंस, पण वाचतेस चुकीचा. दोन सुयांचे हे मीटर मुळात सुतारकामासाठी असतात आणि बहुतेक कोरड्या वजनावर टक्के दाखवतात. जळणात आपण एकूण वजनावर धरतो. त्याचे २५ म्हणजे आपले २०, त्याचे १०० म्हणजे आपले ५०. तिशीच्या वर तर त्या सुया अंदाजच सांगतात. ओंडक्याच्या टोकाला सुया टोचून १४ आले म्हणून खूष झालीस! टोक सगळ्यात आधी वाळतं, बाय. फाटी, म्हणजे चुलीजोगं लाकूड, फोड, ताज्या अंगावर मधोमध, रेषांच्या दिशेने सुया टोच, आणि एका गाडीतल्या निदान दहा फाटी बघ. शंका राहिली तर ओव्हन आहेच. मधल्या तुकड्याचे बारीक काप ३०० ग्रॅम मोज, १०५ अंशांवर ठेव, वजन उतरायचं थांबेपर्यंत. २१० ग्रॅम राहिले तर ओल ३० टक्के. याच्याशी कोणाला हुज्जत घालता येत नाही.

वाळवणं म्हणजे नुसतं ठेवून देणं नव्हे. लाकडातलं पाणी रेषांच्या दिशेने, टोकांतून, आडव्यापेक्षा दहा-पंधरा पटींनी वेगाने निघतं. साल म्हणजे जवळजवळ झाकणच. म्हणून आधी कापायचं, आधी फोडायचं, मग रचायचं. अख्खे ओंडके अंगणात ठेवून "उन्हात आहेत" म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. दीड-दोन हात लांबी, मनगटापेक्षा थोडी जाड फाटी. पदेराला भट्टीच्या तोंडाप्रमाणे लांब लागेल, ते मोजून घे. खाली चिऱ्यांच्या दोन ओळी, वर वासे, म्हणजे थप्पी जमिनीपासून वीतभर उंच राहते. वाळवी चढली तर चिऱ्यावर तिची मातीची वाट दिसते. आठवड्याला एकदा झाडूने मोड. थप्पी छातीएवढीच, दोन थप्प्यांत हातभर वाट, आणि फाटींची टोकं पश्चिमेला, दुपारच्या खाऱ्या वाऱ्याकडे. वर छप्पर, बाजू उघड्या. ताडपत्रीत चारी बाजूंनी गुंडाळलेली थप्पी मला फोटोत दिसली. ती आजच सोड. आत बुरशी धरली असणार, आणि हात घालण्याआधी काठीने ठोकून बघ, घोणशीला अशीच जागा आवडते.

गोव्यात वाळवणीचे महिने मोजके. नोव्हेंबर-डिसेंबरात माल घे, जानेवारीत फोडून रच, मेअखेर तो २० च्या आसपास येतो. मार्चमध्ये घेतलेला ओंडका पावसाआधी वाळत नाही, त्याला पुढच्या वर्षाचा समज. लोक पुरुमेंतात, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीत, मिरची-कोकम भरतात तशी तू शेड भर. जून ते सप्टेंबरचा खप, वर एक महिन्याचा. जुलैत हवा ९० टक्के दमट असते तेव्हा छपराखालचं अगदी कोरडं लाकूडही हवेतून पाणी ओढून सोळा-सतरावर स्थिरावतं. त्याला इलाज नाही, चिंताही नाही. थेट झड लागू देऊ नकोस एवढंच.

गिऱ्हाइकांची जात ओळख. पदेर भट्टीच्या पोटातच लाकूड जाळतो, निखारे ओढून बाहेर काढतो आणि तापलेल्या भिंतींवर पाव भाजतो. ओलं लाकूड गेलं तर भिंती तापतच नाहीत. पोई, म्हणजे त्याचा कोंड्याचा पाव, फिकी निघते, आणि पहाटेची फेरी चुकली की तो दिवसभर तुला शिव्या घालतो. फेणीच्या भट्टीला आच सारखी लागते. भडकली तर भाणातलं, म्हणजे रस उकळायच्या भांड्यातलं, उतू जातं, मंदावली तर धार तुटते. त्यांचा हंगाम मार्च ते मे, म्हणजे त्यांचं लाकूड आदल्या वर्षीचंच हवं. हे पटत नसेल तर हुर्राकवाल्यांचं, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू काढणाऱ्यांचं, गिऱ्हाईक घेऊ नकोस. हॉटेलं बिलं उशिरा देतात, एवढंच लक्षात ठेव.

आणि स्मशान. एका चितेला तीनशे-चारशे किलो लागतं, थोडं जाड, थोडं बारीक. भर श्रावणात तिथे ओलं लाकूड पोचलं की ते धरत नाही, आणि घरची माणसं बाटलीतून रॉकेल ओतत उभी राहतात. तिथे पाणी विकणाऱ्याला मी धंदेवाला म्हणत नाही. स्मशानासाठी एक थप्पी वेगळी ठेव, तिला दुसऱ्या कोणाच्या मागणीसाठी हात लावायचा नाही. तोटा झाला तर होऊ दे.

कागदांचं थोडक्यात. झाड मालकाच्या परसातलं असलं तरी तोडायला १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तिची प्रत आणि लागेल तिथे वाहतुकीचा पास गाडीत असू दे. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांच्या कडेचं "पडलेलं" लाकूड कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर गाडी वळवून ये. खारफुटी फुकट दिली तरी नको. तराजूवर वजनमाप खात्याचा शिक्का वेळच्या वेळी मारून घे. वास्कोच्या बाजूने येणारी पॅलेटची लाकडं घ्यायची तर शिक्का वाच. एचटी म्हणजे तापवून शुद्ध केलेलं, एमबी म्हणजे विषारी धुरी दिलेलं. एमबीवालं, रंगवलेलं आणि प्लायवूड भट्टीत जाता कामा नये. काजूची टरफलंही पदेराला देऊ नकोस, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. बिब्ब्याचं झाड ओळखायला शीक, त्याच्या चिकाने कामगाराच्या हाताला फोड येतात.

आता तुझं चिपरचं, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे (चिप्स) करणाऱ्या यंत्राचं, वेड. कर्ज काढून यंत्र घ्यायचं म्हणतेस. मला विचारलंस तर अजून नको. वीतभरापेक्षा कमी जाडीचं लाकूड गिळणारं, ट्रॅक्टरवर चालणारं यंत्रही ३५ ते ५० अश्वशक्ती मागतं, आणि ते उभं राहिलं तरी हप्ता उभा राहत नाही. एक हंगाम भाड्याने आण. कळेल.

काय कळेल तेही सांगतो. पाती बोथट होतात ती लाकडाने नव्हे, आपल्या तांबड्या मातीने. ओंडका चिखलातून ओढत आणलास की सालीत बसलेले जांभ्याचे खडे एका दिवसात धार खातात. ओंडके उचलून आण, नाहीतर धुऊन घे. माडाचं खोड पात्यांना दुप्पट छळतं आणि त्यात खिळे, तारा हमखास असतात. चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, नुसत्याच घातल्यास तर धागे रोटरला, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या भागाला, गुंडाळतात. दोन काठ्यांच्या मध्ये, देठ पुढे करून घाल. पातं आणि स्थिर पट्टी यांत मिलिमीटरभर फट. ती वाढली की चिप्सऐवजी लांब सळ्या निघतात, आणि बॉयलरमध्ये चिप्स ढकलणारा स्क्रू सळ्यांनीच अडकतो. भुसा वाढला, पट्टा तापला, इंजिन कण्हू लागलं की थांब, धार लाव. रुंद बाह्यांचा सदरा, ओढणी, सैल मनगटाचे हातमोजे यंत्रापाशी नकोत, अडकलेलं लाकूड पायाने ढकलायचं नाही, आणि इंजिन बंद केल्यावरही रोटर बराच वेळ फिरतो हे कामगाराला रोज सांग. रोज.

ओल्या चिप्सचा ढीग घालून विसरलीस तर आतले जिवाणू चार-सहा दिवसांत त्याला ६० अंशांवर नेतात. हात घाल, चटका बसतो. उंच ढीग, मध्येच ओला-सुका मिसळलेला, वर भुसा, असा ढीग आपण होऊन पेटतो. पुरुषभर उंचीच्या वर जाऊ नकोस, आणि फिरवताना नाकावर चांगला मास्क बांध, त्या पांढऱ्या धुळीत बुरशी असते. जाळायच्या चिप्स असतील तर आधी ओंडका वाळव, मग चिप कर. पाती लवकर झिजतील. झिजू देत. बॉयलरवाल्यालाही पाणी विकायचं नाही.

कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, आच्छादनाला आणि सोसायट्यांच्या कंपोस्टाला मात्र ओल्या चिप्स चालतात. मग तू म्हणशील, तिथे तरी वजनाने विकते. नाही! तिथे घनमीटरने विक. एक घनमीटर भरीव लाकडाच्या सुट्या चिप्स अडीच ते तीन घनमीटर होतात, टेम्पोचा हौदा मोजून ठेव, बिल सरळ होतं. माडा-पोफळीच्या बुंध्यापासून वीतभर सोडून चार बोटं जाड पसरायला सांग, मातीत कालवायला नको, नाहीतर नत्र ओढून घेतात आणि पानं पिवळी पडली की दोष तुझ्यावर.

तुला वाटेल हा म्हातारा एकच गोष्ट घोकतोय. घोकतोच आहे. किलोचा भाव वाढवून सांगायला मला नेहमीच जड गेलं, गिऱ्हाइकं गेली, आणि जी राहिली ती थोडी होती. कदाचित ओलीचे टक्के समजावून सांगण्याची चिकाटी मी कमी पडू दिली आणि हट्ट तेवढा जास्त केला. पण ओला माल गळ्यात मारून टिकवलेली गिऱ्हाइकं मला आजही नको आहेत. तू मात्र समजावून सांग. मला ते जमलं नाही म्हणून तत्त्व चुकत नाही.

दसरा झाला, पाऊस गेला. या आठवड्यात ताडपत्री काढ, थप्पी मोडून चिऱ्यांवर परत रच, बुरशीची फाटी वेगळी काढून तुझ्याच न्हाणीच्या चुलीत घाल. त्या सव्वासहाशे किलोतलं २०० किलो पदेराला पाठव, ओल मोजून, बिलावर लिहून. बिल वाचून तो भांडायला आला तर सोबत कुऱ्हाड आणि मीटर घेऊन बाहेर ये, त्याच्यासमोर त्यालाच एक फाटी निवडू दे.

तुझा,
काका