जरकन, झिरकॉन आणि अमेरिकन डायमंड

कोल्हापूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: "गुजरीत निळ्या खड्याची अंगठी पाहिली. एका सराफानं त्याला जरकन म्हटलं, दुसऱ्यानं अमेरिकन डायमंड, आणि पावतीवर झिरकॉन लिहिलं. तिन्ही एकच का? बरोबर शब्द कोणता?"

एकच नाहीत, आणि हा घोळ आता थांबायला हवा. अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिरकोनिया, कारखान्यात तयार होणारा झिरकोनियमचा ऑक्साइड. तो बाजारात आला १९७६ च्या आसपास. जरकन हे झिरकोनियमचं सिलिकेट, जमिनीतून निघणारं खनिज. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये सापडलेले त्याचे काही कण ४४० कोटी वर्षांचे आहेत! चारपाच दशकांच्या मालाला त्याचं नाव चिकटवायचं म्हणजे कमाल झाली.

फरक डोळ्यांनी दिसतो. पैलू पाडलेला निळा जरकन दहापट भिंगाखाली धरा, थोडा कलता करा आणि वरून आत, तळाच्या पैलूंकडे पाहा. प्रत्येक कड दुहेरी दिसेल, कारण आत शिरलेला किरण दुभंगतो. अमेरिकन डायमंडात कडा एकेरीच राहतात. शिवाय जरकन फिरवला की एका दिशेनं गडद निळा आणि दुसरीकडून जवळजवळ बिनरंगी दिसतो. रंगांच्या ठिणग्या उडवण्यात तो हिऱ्याच्या अगदी जवळ जातो. इतका देखणा निळा खडा त्या किमतीत दुसरा मिळणं कठीण.

आता शब्द. बरोबर काय, तर 'जरकन'. झिरकॉन हे इंग्रजीवरून केलेलं लिप्यंतर, आणि तेही फसलेलं. मराठीत 'झ'ला इकार लागला की उच्चार झिम्म्यातल्यासारखा होतो, मूळचा मऊ उच्चार राहत नाही. 'जरकन'मधला ज मात्र 'जरी'तल्या जसारखा आपोआप मऊ येतो.

आणि तो नुसता जरीसारखा नाही, तो जरीचाच आहे! फारसीत 'ज़र' म्हणजे सोनं, 'गून' म्हणजे रंग. ज़रगून, सोन्याच्या रंगाचा. अरबीत त्याचं ज़रक़ून झालं, युरोपात जार्गोन, जर्मनांनी त्याचं त्सिर्कोन केलं. १७८९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोथनं सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, याच खड्यातून नवं मूलद्रव्य ओळखलं, म्हणून ते झिरकोनियम.

हा ज़र आपल्या घरातलाच. जरतार, जरीपटका, पैठणीची जर. जर्दाळू म्हणजे पिवळं आलू (बटाटा नव्हे, आलुबुखारातलं आलू), त्यातला 'ज़र्द'ही याच मुळाचा. इराणी 'ज़' आणि संस्कृत 'ह' समोरासमोर ठेवा: पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात 'अज़ेम', आपल्याकडे 'अहम्'. मग ज़रच्या समोर कोण उभं राहतं? हिरण्य! त्याच कुळात हरित, हरिद्रा, आणि हरिद्रेवरून आपली हळद. सांगलीच्या बाजारातली हळद आणि गुजरीतला जरकन एका आजीची नातवंडं आहेत.

काही जण सांगतात, शब्द अरबी 'अज़रक़'वरून, म्हणजे निळा. मुळीच पटत नाही. नैसर्गिक निळा जरकन अगदी विरळा. शब्द रुळला तो पिवळ्या-तांबूस खड्यांवर. दुसरे म्हणतात, ज़रक़ून म्हणजे शेंदूर, तेव्हा मूळ अर्थ लालच. माझं मत उलट आहे. सोनेरी-तांबूस छटेवरूनच तो शब्द शेंदरावर गेला असावा. आणि जरकनलाच गोमेद म्हणणाऱ्यांनी तर आवरावंच. रत्नबाजारातला गोमेद हा हेसोनाइट, गार्नेट नावाच्या वेगळ्याच खनिजांच्या कुटुंबातला. त्याच्या कडा भिंगाखाली दुहेरी होत नाहीत.

आपला बाजारातला 'जरकन' हा झिरकॉनचा अपभ्रंश नसून रत्नांच्या व्यापाऱ्यांबरोबर थेट फारसी-अरबीतून आलेला असावा, असा माझा अंदाज आहे.

निळा रंग मुख्यतः भट्टीतला आहे. कंबोडियातले तपकिरी खडे हजार अंशांच्या आसपास तापवतात, तेव्हा ते निळे होतात. त्या प्रांताचं नाव रतनाकिरी, म्हणजे रत्न आणि गिरी. आंबा घाट उतरून आपण जिथं जातो, तेच नाव!

ताई, अंगठी घ्यायचीच तर खडा कोंदणात पक्का बसवून घ्या. जरकन ठिसूळ, पैलूंच्या कडा धक्क्यानं खरडतात. कानातल्यांत किंवा पदकात तो जास्त टिकेल. आणि पावतीवर 'नैसर्गिक जरकन' असं लिहून मागा.