मनुकांची वाटी आणि बंड्या

मार्चमधली सकाळ होती. माझा दवाखाना जालन्यात. पेशंट अजूनही निम्मे गाई-शेळ्याच. त्या दिवशी मात्र एक निवृत्त गुरुजी कुत्र्याला उपरण्यात गुंडाळून, रिक्षा करून आले. मागे नातू, डोळे रडून लाल. बसायच्या आधीच गुरुजींनी विचारलं, "डॉक्टर, मह्या हातानं ह्याला विष गेलं का?"

झालं होतं असं. गुरुजी रात्री वाटीभर काळ्या मनुका भिजत घालतात आणि सकाळी अनशापोटी खातात. त्यातल्या दोन रोज बंड्याला, म्हणजे ह्या कुत्र्याला. आज वाटी खाटेखाली ठेवून ते फोन घ्यायला उठले, परत आले तर वाटी चाटून लख्ख. मनुका कुत्र्याला विषारी असतात, असं नातवानं मोबाइलवर वाचलं आणि घर डोक्यावर घेतलं. सून म्हणाली, "तरी मी सांगत होते." हे वाक्य गुरुजींनी मला दोनदा ऐकवलं.

"किती वेळ झाला?"

"पाऊण तास. शेजारी म्हणले मिठाचं पाणी पाजा, पण हा तोंडच लावंना."

बंड्या शहाणा. मिठाच्या पाण्यानं उलटी काढायचा उपाय आपल्याकडे फार चालतो. उलटी होवो न होवो, जास्त मीठ अंगात गेलं तर मेंदूवर परिणाम होऊन झटके येतात. घरी काही पाजत बसू नका. किती खाल्लं, कधी खाल्लं आणि कुत्र्याचं वजन किती, हे फोनवर सांगत दवाखान्याकडे निघा. पहिले दोन तास फार मोलाचे असतात.

उलटी व्हायचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं ट्रेमध्ये मनुका आल्या, फुगून टपोऱ्या, बहुतेक अख्ख्या. कुत्रं चावत बसत नाही, गिळतं. आज तेच पथ्यावर पडलं. नातवानं काडीनं मोजल्या: 29. मग रक्त तपासायला घेतलं आणि सलाईन लावलं. द्राक्षं-मनुकांवर उतारा म्हणून असं औषध नाही. मूत्रपिंड चालतं ठेवायचं आणि दोन-तीन दिवस क्रिएटिनिनवर, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्तातल्या आकड्यावर, नजर ठेवायची, एवढंच हातात असतं. पहिल्या दिवशी उलट्या आणि मलूलपणा दिसतो; लघवी कमी होणं पुढच्या एक-दोन दिवसांत, आणि तोवर उशीर झालेला असतो.

सलाईन ठिबकत असताना गुरुजींनी खरा मुद्दा काढला. "वर्षभर दोन-दोन देतोय. काही कामून झालं नाही?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो. इथल्या कडवंची गावाकडची द्राक्षं उतरायला लागली की हमखास. एखादं कुत्रं घडच्या घड खाऊन शेपूट हलवत फिरतं, दुसऱ्याचं थोडक्यात मूत्रपिंड बसतं. सुरक्षित आकडा कुणालाच देता येत नाही. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. क्रीम ऑफ टार्टर (याच आम्लाच्या क्षाराची पूड) घातलेली खेळण्यातली कणीक खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यावरून त्यांना हा माग लागला. द्राक्षाच्या जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे हे आम्ल कमी-जास्त असतं. म्हणजे गुरुजी, वर्षभर तुमचं नशीब चांगलं होतं, हिशोब नव्हे.

"आणि हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं," मी म्हणालो.

गुरुजी ताडकन उठले. घरी अंगणात चिंचा फोडायचं काम चालू होतं. त्यांनी तिथूनच सुनेला फोन लावला, "अगं, चिंचाचं टोपलं उचलून माळ्यावर ठेव. हो, बरा आहे तो. तू म्हणत होतीस तेच खरं." फोन ठेवल्यावर त्यांनी पहिल्यांदा चहा घेतला.

मग नातवाची उलटतपासणी सुरू झाली. केळ? दोन-चार चकत्या चालतात. केसर आंबा? गर थोडा द्या, पण कोय हाती लागू देऊ नका, आतड्यात अडकली तर पोट फाडावं लागतं. मी एकदा काढली आहे. सीताफळाच्या बियांचीही भीतीच, चावल्या गेल्या तर त्या विषारी. मोसंबीची एखादी फोड, साल-बी नको. सफरचंद बिया काढून. टरबूज बिनधास्त, बिया तेवढ्या वगळून. मधुमेही किंवा लठ्ठ कुत्रं असेल तर गोड फळं विचारूनच.

"आणि कांदा?" तो म्हणाला. ते फळ नाही, पण प्रश्न चांगला होता. कांदा-लसूण दोन्ही नको, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

दोन दिवस सलाईन चाललं. तिसऱ्या दिवशीचं क्रिएटिनिनही ठीक आलं. गुरुजींनी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली, सुनेला दाखवायला.

परवा बंड्या लसीला आला होता. गुरुजी आता मनुका आतल्या खोलीत कडी लावून खातात, असं नातवानं सांगितलं. बंड्या बाहेरून दार ओरबाडतो. मग सून त्याला बिया काढलेली पेरूची फोड देते आणि सासऱ्यांना ओरडून विचारते, "झाल्या का खाऊन?"