जुनी डिझेल जीप घेतोयस, तर आधी हे बघ

राजापूरची ती जुनी जीप घेऊन बायोडिझेलवर, म्हणजे वनस्पती तेलापासून केलेल्या इंधनावर, चालवायची म्हणतोयस ना, तर ती बघायला जाशील तेव्हा इंजिनाआधी खाली वाक. चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, हातोडी हलकेच मार. टणटण वाजली तर ठीक. भद्द आवाज आला तर खाऱ्या वाऱ्याने लोखंड आतून खाल्लंय, सोडून दे. मग इंधनाचा पंप बघ. मेकॅनिकल पंपाचं जुनं इंजिन बायोडिझेल बरंच सोसतं, कॉमन रेल (नव्या गाड्यांतली, खूप दाबाने इंधन सोडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर बायोडिझेलचा नाद नको.

तळणीचं किंवा उंडीच्या झाडाच्या बियांचं तेल नुसतं गाळून टाकीत ओतू नकोस, कुणी कितीही सांगो. ते डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट. इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची फवारणी बिघडते, कार्बन धरतो. मेथॅनॉलची प्रक्रिया झालेलं, नीट सुकवलेलं बायोडिझेलच घे आणि डिझेलमध्ये मिसळताना 20 टक्क्यांच्या वर जाऊ नकोस. ते टाकीतला जुना गाळ सोडवतं. माझा फिल्टर भोस्ते घाटात तुंबला, चढणीवरच गाडी बंद, वर धो धो पाऊस. तेव्हापासून एक नवा फिल्टर सीटखाली असतोच. जुन्या रबरी नळ्याही आधीच बदल, त्या फुगून पाझरतात.

पावसाळ्यात टाकी भरलेली ठेव. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी इंधनात उतरतं. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून ते दर आठवड्याला काढत जा.