एड्सवर संशोधन करणारा साथरोगशास्त्रज्ञ नेमके काय करतो?

रुग्णाला औषध न देणारा आणि प्रयोगशाळेत विषाणूही न पाहणारा साथरोगशास्त्रज्ञ एड्सवर संशोधन तरी काय करतो, असे आपण विचारले आहे. मी याच विषयाचा अभ्यासक आहे. हा प्रश्न घरच्यांनीही मला विचारून झाला आहे.

आमचे काम मोजण्याचे आहे, पण आजारी किती हे मोजणे हा त्यातला सोपा भाग. ते किती जणांपैकी, कोणत्या काळात आणि निरोगी माणसांपेक्षा कशात वेगळे, हे ठरवताना कस लागतो. लॉस एंजेलिसमधील पाच समलिंगी तरुणांना झालेल्या दुर्मीळ न्यूमोनियाची, म्हणजेच एड्सची पहिली, नोंद जून १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कारण कोणालाच ठाऊक नव्हते आणि समलिंगी पुरुषांच्या राहणीत दोष शोधणारे तर्क मांडले जात होते. जुलै १९८२ मध्ये हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) तीन रुग्णांत तोच आजार नोंदला गेला आणि ते तर्क लंगडे पडले. कारण हे रुग्ण रक्तापासून बनवलेले औषध घेत असत, आणि त्या औषधातून जिवाणू गाळून काढले जात असल्यामुळे संशय विषाणूकडे वळला. रक्तदान व लैंगिक संबंधांविषयीच्या प्रतिबंधक सूचना अमेरिकेत मार्च १९८३ मध्ये निघाल्या. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांचा या विषाणूविषयीचा लेख मात्र मे महिन्यात आला.

उपचार न घेतल्यास विषाणूची लागण आणि प्रत्यक्ष एड्सचा आजार यांत साधारण दहा वर्षे जातात. त्यामुळे आज दिसणारे रुग्ण जुन्या लागणीचा हिशोब सांगतात, आणि त्यांवरून मागे जात लागणीचा काळ गणिताने काढावा लागतो. उपचारांमुळे माणसे अधिक जगू लागली की बाधितांची एकूण संख्या वाढते, म्हणून नव्या लागणीचा दर वेगळा पाहावा लागतो. वर्तमानपत्री मथळ्यांत या दोहोंची सर्रास गल्लत होते.

मोजणी कुठे केली, यानेही आकडा बदलतो. गर्भवतींच्या दवाखान्यांतील तपासण्यांवरून साऱ्या लोकसंख्येचा अंदाज बांधला की तो बऱ्याचदा फुगतो. घरोघरच्या सर्वेक्षणांची जोड मिळाल्यावर जगातील बाधितांचा अंदाज २००७ मध्ये ३.९५ कोटींवरून ३.३२ कोटींवर आणला गेला. त्या वर्षात साठ लाखांहून अधिक लोक काही विषाणूमुक्त झाले नव्हते.