कोळीगीत, हिप-हॉप, रेगेटॉन आणि हाऊस एकाच प्रोमो मिक्समध्ये कसं बसवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईत कोपरखैरणे-घणसोलीकडे हळदीला डीजे म्हणून वाजवता, आता वाशी आणि ठाण्याच्या पबमध्येही काम हवंय, म्हणून ४० मिनिटांचा प्रोमो मिक्स (काम मागताना पाठवायचा नमुना) केलात. त्यात सगळे जॉनर आहेत, पण ऐकणारे म्हणतात की तुकडे चिकटवल्यासारखं वाटतं.

जॉनर वेगळे आहेत म्हणून तसं वाटत नाही. टेम्पो, ठेका आणि स्वर हे तिन्ही एकाच जोडावर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाताना) बदलतात, म्हणून वाटतं. एका जोडावर यातली एकच गोष्ट बदला, फार तर दोन. मग कोळीगीतानंतर हाऊस आलं तरी नाचणाऱ्याचा पाय थांबत नाही.

सगळ्यात आधी लांबी कापा. २०-२२ मिनिटं आणि १३-१४ गाणी पुरेत. काम देणारा माणूस सुरुवात ऐकतो, मग मध्येच कुठेतरी बोट ठेवून पुढे सरकतो. त्यामुळे पहिला जॉनर-बदल दोन मिनिटांच्या आत हवा आणि तो तुमचा सगळ्यात पक्का जोड हवा. नावाचा व्हॉइस टॅग तीन सेकंदांचा, तोही एकदाच. प्रत्येक ड्रॉपवर (बीट जोरात येते त्या जागी) नाव ओरडलं की लोक बंद करतात.

आता खरी अडचण, कोळीगीत. बरीच कोळीगीतं सहा मात्रांच्या चालीवर असतात, म्हणजे तीन-तीनचे दोन गट. हाऊस चार-चारमध्ये चालतं. सॉफ्टवेअर इथे हमखास फसतं. पाय मिनिटाला ११० ठोक्यांवर (११० बीपीएम) पडतो, पण रेकॉर्डबॉक्स किंवा सेराटोसारखं डीजे सॉफ्टवेअर १६५ दाखवू शकतं, कारण मिनिटाला ३३० मात्रा होतात आणि ते त्या तीन-तीनऐवजी दोन-दोनने मोजतं. दुप्पट-निमपटची बटणं इथे कामाची नाहीत, गुणोत्तर ३:२ चं आहे. अर्धा मिनिट टॅप करा, ११० च्या आसपास आकडा येईल, तो हाताने भरा आणि ग्रिडचा (सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या ठोक्यांच्या रेघांचा) पहिला ठोका समेवर ठेवा.

जुनी गाणी वादकांनी प्रत्यक्ष बसून वाजवलेली आहेत, त्यामुळे लय थोडी पुढेमागे होते. ग्रिडमध्ये अर्ध्या बीपीएमची चूक असली तर मिनिटाभरात अर्धा ठोका सरकतो आणि सिंक (दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं बटण) चालू असूनही घोडे दौडल्यासारखा आवाज येतो. प्रोमोसाठी यावर उपाय सोपा आहे: गाणं एबलटन या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, दर चार बारला (एक बार म्हणजे चार ठोके) वॉर्प मार्कर, म्हणजे ठोका जागेवर ओढणारी खूण, लावून लय सरळ करा आणि वेव्ह फाइल काढून तीच वापरा. मुखड्यानंतरचा बेंजोचा तुकडा कधी कधी सात किंवा नऊ बारचा निघतो. तोही इथेच कापून किंवा लूप लावून आठ बारचा करा, नाहीतर पुढच्या गाण्याचा ड्रॉप चुकीच्या जागी पडेल.

मग जोड. कोळीगीत ११० वर, आफ्रो हाऊस (आफ्रिकी तालांचं हाऊस) १२० वर. सरळ १२४ च्या हाऊसवर उडी मारली तर टेम्पो जवळपास १३ टक्क्यांनी ताणावा लागतो आणि गाणाऱ्याचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. की-लॉक (टेम्पो बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) असला तरी सहा टक्क्यांच्या पुढे मी जात नाही. म्हणून दोघांना ११६ वर भेटवा: कोळीगीत साडेपाच टक्के वर, आफ्रो हाऊस ३.३ टक्के खाली. आफ्रो हाऊस मुद्दाम घेतोय, कारण त्याच्या पर्कशनमध्ये तीन-तीनचा झोल बऱ्याचदा असतोच. असा ट्रॅक निवडा ज्याच्या इंट्रोत आठ-सोळा बार फक्त किक (मोठ्या ड्रमचा ठोका) आणि थोडा बेस आहे, हाय-हॅट (झांजेसारखा बारीक आवाज) नाही. किक प्रत्येक तीन मात्रांच्या पहिलीवर बसते, तोपर्यंत दोन्ही गाणी एकच वाटतात. सरळ चारची हाय-हॅट आली की ढोलकीशी भांडण सुरू होतं, तेव्हा हॅट यायच्या आधी कोळीगीत संपलंच पाहिजे. क्रम असा: हाऊसचा लो (बेसचा नॉब) चालू करताना त्याच क्षणी कोळीगीताचा लो पूर्ण बंद, चार बारनंतर त्याचा मिड (मधल्या आवाजांचा नॉब) अर्ध्यावर, आठव्या बारच्या शेवटच्या शब्दावर फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली. शेवटच्या शब्दावर इको टाकायचा असेल तर एका ठोक्याचा टाका, अर्ध्याचा नको, कारण अर्धा ठोका तीन मात्रांमध्ये बसत नाही. नंतर १६ बारमध्ये हळूहळू ११६ चं १२० करा.

रेगेटॉनवरून हाऊसवर जायला वेगळी युक्ती आहे. ९६ बीपीएमवर एक ठोका ०.६२५ सेकंदांचा. त्याचा पाऊण ठोका ०.४६९ सेकंदांचा, आणि १२८ बीपीएमचा पूर्ण ठोका नेमका तेवढाच. म्हणजे ९६ च्या गाण्यातला एक शब्द पाऊण ठोक्याच्या लूपमध्ये अडकवला की तो आपोआप १२८ ची किक मोजायला लागतो. आठ ते सोळा वेळा फिरू द्या आणि हाऊस ‘एक’वर सोडा. मिक्सरच्या इकोवर ३/४ चा पर्याय असेल तर तोही चालतो. हिप-हॉप ८७ वरून १७४ च्या ड्रम अँड बेसवर जाणं सरळ दुप्पट आहे, त्यावर फार लिहीत नाही. पण असे मोठे झटके २२ मिनिटांत दोनच ठेवा. रोज पुरणपोळी खाल्ली तर सणाचं काय राहिलं!

स्वरांबद्दल. स्वरपट्ट्यांना आकडे देणाऱ्या कॅमेलॉट पद्धतीतले शेजारी आकडे (८ए वरून ७ए, ९ए किंवा ८बी) इंग्रजी आणि नव्या हिंदी गाण्यांना चालतात. आपल्या गाण्यांत ते फसवतात. समजा गाणं भैरवीत आहे आणि सा पांढरी एक, म्हणजे सी. सॉफ्टवेअर सी मायनर समजून ५ए दाखवू शकतं. सी मायनरमध्ये डी शुद्ध येतो, भैरवीचा रे मात्र कोमल, त्यामुळे ५ए चा ट्रॅक खाली लावला की कानाला खुपतं. त्या गाण्याचे स्वर ४ए शी, एफ मायनरशी जुळतात. संशय आला तर पेटीवर सा आणि रे दाबून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. जुन्या टेपवरून आलेली गाणी पट्टीच्या मधेच कुठेतरी असतात. पाव सूर सरळ करायला की-लॉक बंद ठेवून सुमारे तीन टक्के टेम्पो हलवावा लागतो. तेवढं नको असेल तर त्या गाण्याखाली सूर नसलेला, फक्त तालाचा इंट्रो वापरा.

आवाजाची पातळी हा जोड उघडा पाडणारा सगळ्यात मोठा दोष. जुनं गाणं हळू आणि खालून पोकळ, नवं गाणं कमाल दाबलेलं. फेडर वर नेऊन हे सुटत नाही. ट्रिमने (चॅनलचा मूळ आवाज ठरवणाऱ्या नॉबने) पातळी जुळवा, जुन्याला १०० हर्ट्झच्या खाली दोन-तीन डेसिबल द्या आणि मास्टरवर लाल दिवा लागू देऊ नका. हळदीसाठी फिरणाऱ्या ‘डीजे मिक्स’ फाइल टाळा. त्या बहुतेक १२८ केबीपीएसच्या असतात, १६ किलोहर्ट्झच्या वर काहीच उरलेलं नसतं आणि बेस आधीच फाटलेला असतो. पबच्या सिस्टिमवर हे लगेच कळतं.

रेकॉर्डिंग वेव्हमध्ये करा, शिखर उणे सहा डेसिबलच्या आसपास. शेवटी लिमिटर (आवाजाचं शिखर रोखणारं साधन) उणे एक डेसिबलवर आणि ३२० केबीपीएसचा एमपीथ्री काढा. २२ मिनिटांची फाइल साधारण ५३ एमबी होते. ऐकताना स्टुडिओ हेडफोनवर थांबू नका. फोनच्या स्पीकरवर लावा; तिथे बेस येतच नाही, तेव्हा किकचा वरचा टोला ऐकू येतोय का ते बघा. ठाणे-बेलापूर रोडवर गाडीतही एकदा ऐका. रस्त्याच्या आवाजात जिथे मिक्स गायब होतो तिथे पातळी पडलेली आहे.

आणि एकच मिक्स दोघांना पाठवू नका. त्याच १४ गाण्यांचे दोन क्रम करा. पबसाठी हिप-हॉपने सुरुवात, रेगेटॉन, पाऊण ठोक्याची उडी, हाऊस, आणि कोळीगीत अकराव्या-बाराव्या मिनिटाला, आफ्रो हाऊसच्या पोटात. हळदीसाठी उलट: उघड्यावर रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो, त्यामुळे तुम्ही पब्लिक किती लवकर उठवता तेच यजमान बघतो. तिथे पहिल्या ३० सेकंदांत ढोलकी हवी.

पूर्ण मिक्स मिक्सक्लाउडवर टाका, तिथे डीजे मिक्ससाठी परवान्यांची सोय आहे. यूट्यूबवर हक्काचे दावे येतात, इन्स्टाग्रामवर आवाज कापला जाऊ शकतो. रीलसाठी जोडाचे ४० सेकंद वेगळे कापा, कोळीगीताचा शेवटचा शब्द आणि हाऊसची पहिली हाय-हॅट दोन्ही त्यात येतील असे. लिंकखाली गाण्यांची यादी मिनिट-सेकंदांसह लिहा, म्हणजे पबवाला थेट त्याच्या कामाच्या जागी उडी मारेल.